रुपयाची झीज

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. देशात नया पैसा येऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. कारखान्यापाठोपाठ सेक्टरांत आखलेली वसाहत उभी राहिली आणि तिथे देशाच्या सगळ्या भागांतून माणसे आली. त्यांत नागपूर-विदर्भाकडची मराठी कुटुंबेही होती. अशा गावात शाळा, इस्पितळ, बाजार सगळे योजून वसवता येते, पिढीजात सराफा मात्र वसवता येत नाही. तो शेजारच्या दुर्गला किंवा रायपूरला असतो. जुन्या गावातला मुलगा नाणे पारखायला शिकला तो सराफाच्या गादीशेजारी बसून. भिलाईत बसून ही विद्या शिकू पाहणाऱ्याचे गुरू म्हणजे सूचिग्रंथ, छायाचित्रे आणि भिंग. ही उणीव आहे असे सहसा मानले जाते. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. पुस्तकावरून पारख शिकता येते, पण प्रत्येक पुस्तक कोणत्या तरी एका टांकसाळीचे आणि कोणत्या तरी एका बाजाराचे गृहीत पोटात घेऊन आलेले असते. हे गृहीत न ओळखता छत्तीसगडच्या मातीतल्या नाण्यांना ते लावले, तर नाण्यावरची सर्वांत बोलकी गोष्ट, म्हणजे त्याची झीज, आपण केवळ दोष म्हणून खोडून टाकतो.

आज नाण्याच्या प्लास्टिकच्या डबीवर ६३, ६५ असे आकडे दिसतात. त्यांचा उगम अमेरिकेत १९४९ साली विल्यम शेल्डन याने लिहिलेल्या पुस्तकात आहे. शेल्डन पेशाने मानसशास्त्रज्ञ होता आणि माणसांच्या शरीरांना आकडे देऊन त्यांचे प्रकार पाडण्याबद्दल प्रसिद्ध होता. नाण्यांकडेही तो त्याच नजरेने वळला. त्याचा विषय होता अमेरिकेचे सुरुवातीचे तांब्याचे मोठे सेंट, आणि १ ते ७० ही त्याची पट्टी मुळात किमतीची होती. जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याची किंमत एक धरली, तर निर्दोष नाण्याची सत्तरपट, असा तो हिशेब. बाजारभाव बदलले आणि हिशेब कोलमडला, आकडे मात्र टिकले. (नाण्यांची एवढी काटेकोर प्रतवारी लावणाऱ्या या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या एका संस्थेच्या संग्रहातली उत्तम नाणी काढून त्यांच्या जागी आपली हलकी ठेवली होती, हे त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आले.) हा आकडा वाचायला शिकवण्यासाठी १९५८ मध्ये ब्राउन आणि डन यांनी रेखाचित्रांचे पुस्तक काढले, तर १९७० मध्ये जेम्स रडी याने प्रत्येक प्रतीचे छायाचित्र छापले. आपले नाणे चित्राशेजारी धरायचे, कोणत्या चित्राशी जुळते ते पाहायचे आणि प्रत ठरवायची. पुढे १९८६ आणि १९८७ मध्ये पैसे घेऊन नाणी तपासून बंद डबीत घालून देणाऱ्या दोन मोठ्या अमेरिकी कंपन्यांचे काम सुरू झाले. पट्टीचा हा प्रवास मुद्दाम सांगितला, कारण तिच्यामागचे गृहीत त्यातच आहे. ठशातून निघालेले प्रत्येक नाणे पहिल्या क्षणी सारखेच होते आणि त्यानंतर जे काही झाले ती घसरण, एवढेच ते गृहीत.

हे गृहीत हिंदुस्थानातल्या नाण्यांना लागू पडते ते १८३५ पासून. त्या वर्षीच्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. तो यंत्रावर पडत होता, चकती ठशाच्या मापाची होती, काठावरचे दाते एकसारखे होते. अशा नाण्याला छायाचित्र खरोखर उपयोगी पडते. व्हिक्टोरियाच्या रुपयावर आधी झिजतात ते मुकुटाचे उंचवटे, कानावरचे केस आणि पोशाखावरची नक्षी. त्या तीन जागा पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिल्या की प्रत बरीचशी ठरते. इथेही आधी ओळख आणि मग प्रत, हा क्रम सोडून चालत नाही. १८६२ सालाचा रुपया प्रत्यक्षात १८७४ पर्यंत त्याच सालाने पडत राहिला. कोणता नग कोणत्या वर्षाचा हे सालाजवळच्या ठिपक्यांवरून आणि मुखवट्याच्या बारीक फरकांवरून ओळखावे लागते. प्रिडमोरचा ग्रंथ आणि अलीकडचा स्टीव्हन्स-वेअर यांचा ग्रंथ यांचे खरे मोल त्या वर्गवारीत आहे. पाचव्या जॉर्जच्या रुपयाची गोष्ट तर ठाऊकच आहे. १९११ च्या ठशात राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणी परत घेतली गेली, आणि पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड मिळाली. प्रतवारी शिकणाऱ्याला हा हत्ती फार कामाचा आहे, कारण तो उठावाच्या जागी असल्याने लवकर घासतो. पुरेसा फिरलेला १९१८ चा रुपया हाती घ्या, बिचाऱ्याची सोंड पुन्हा गेलेली असू शकते.

छायाचित्राविरुद्धचा नेहमीचा आक्षेप असा, की चित्रात झळाळी दिसत नाही. आक्षेप खरा आहे. नव्या नाण्याची झळाळी हातात ते फिरवताना पृष्ठभागावरून सरकत जाते. चित्रात एकाच दिशेचा उजेड गोठलेला असतो, आणि छायाचित्रकाराला हवे असेल तर त्या उजेडात ओरखडे लपतात. चिंचेने किंवा पावडरीने घासलेला रुपया चित्रात लखलखतो. प्रत्यक्षात भिंगाखाली त्यावर एकाच दिशेने गेलेल्या केसाएवढ्या रेघा दिसतात आणि चांदी निर्जीव वाटते. लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडायची नाणी दरसाल घासून ठेवण्याची रीत आपल्या घरांत आहे, तेव्हा असे रुपये पुष्कळ भेटतात. तरीही यावरून पुस्तक निरुपयोगी ठरत नाही, त्याला सोबत लागते एवढेच ठरते. सराफ वजन करायचा, नाणे दगडावर टाकून आवाज ऐकायचा, कसोटीवर घासून कस पाहायचा. संग्राहकाने कसोटी विसरावी, कारण ती नाण्यालाच जखम करते. पण दशांश दोनपर्यंत दाखवणारा तराजू आणि पाण्यात बुडवून घनता काढण्याची शाळेतली रीत त्याच्या हाती आहे. कंपनी-रुपयाच्या मिश्रणाची घनता सुमारे १०.३ येते. ओतीव बनावट रुपया चित्राशी कितीही जुळला तरी इथे सापडतो. चित्र दिसणे शिकवते आणि तराजू शंका घ्यायला शिकवतो, दोन्ही भिलाईच्या क्वार्टरमध्ये टेबलावर मांडता येतात.

अडचण खरी सुरू होते ती १८३५ च्या मागे गेल्यावर. छत्तीसगडला तर मागे जावेच लागते. नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत याने १७४१ मध्ये रतनपूर घेतले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून १७८७ पर्यंत कारभार पाहत होते. पुढे सुभेदार आले, १८१८ नंतर काही वर्षे इंग्रज अधीक्षकाने भोसल्यांच्या नावाने कारभार चालवला आणि मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला नेले, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. या शंभराहून अधिक वर्षांत इथल्या बाजारात फिरलेला रुपया हाताने पाडलेला होता. खालचा ठसा पक्का बसवलेला, त्यावर चकती, वर दुसरा ठसा आणि हातोड्याचा घाव. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून बादशहाच्या नावाच्या फारसी मजकुराचा एक तुकडाच प्रत्येक नाण्यावर उमटे आणि तो दर वेळी वेगळा. घाव तिरका बसला की एक बाजू भरून येई आणि दुसरी सपाट राही. महेश्वरी आणि विगिन्स यांच्या १९८९ च्या मराठा टांकसाळींवरच्या ग्रंथाने वर्गवारीवर भर दिला तो याचसाठी. अशा नाण्याची आदर्श प्रत कुणाच्याच हाती नसते. अनेक नग शेजारी ठेवून, या नगावर दिसणारे अक्षर त्या नगावरच्या खुणेला जोडून, पूर्ण ठसा मनाशी उभा करावा लागतो.

अशा रुपयाशेजारी अमेरिकी पद्धतीचे छायाचित्र धरले तर नवशिका हमखास फसतो. सपाट जागा दिसली की तो झीज समजतो. झिजलेल्या भागावर धातू साबणासारखा मऊ आणि एकसारखा झालेला असतो, अक्षरे कडांपासून हळूहळू खचत गेलेली असतात, आणि ही घसरण नाण्याच्या सर्व उंच जागांवर कमीअधिक सारखी आढळते. घाव नीट न बसल्यामुळे राहिलेल्या सपाटीत मूळ चकतीचा खरखरीतपणा, तिच्यावरचे पूर्वीचे ओरखडेसुद्धा, तसेच राहतात. तिच्या कडेला असलेले अक्षर टोकदार असते आणि अचानक संपते. असे नाणे टांकसाळीतून आजच निघाले असेल आणि तरी पुस्तकाच्या हिशेबाने तळाच्या प्रतीत जाईल. यावर कोणी म्हणेल, की ग्राहकाला काय, त्याला दिसायला चांगले नाणे हवे, कारण काहीही असो. बाजाराच्या दृष्टीने हे रास्त आहे आणि लिलावाच्या सूचीत घावाचा कमीपणा आणि झीज या दोन गोष्टी वेगळ्या लिहिण्याची पद्धतही आहे. पण दोन्हींची बेरीज करून एकच आकडा काढला, की टांकसाळीचा दोष बाजाराच्या वापराच्या नावावर पडतो. इतिहासाला हे दोन वेगवेगळे साक्षीदार आहेत.

मराठी मुलखात झीज वाचण्याची विद्या शेल्डनच्या कितीतरी आधीची आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९९ मध्ये मराठी राज्यातल्या चलनावर आणि टांकसाळींवर निबंध लिहिला, त्यात एकाच काळी फिरणाऱ्या होनांची आणि रुपयांची लांबलचक माळ आहे. प्रत्येकाचा कस वेगळा, वजन वेगळे, आणि एका गावचा रुपया दुसऱ्या गावी घेताना बट्टा वेगळा. नाणे कोणत्या टांकसाळीचे, किती जुने, किती हलके झालेले, हे पाहून सराफ बट्टा ठरवी आणि शंका आली तर नाण्यावर बारीक छाप मारून आतली चांदी पाही. ही प्रतवारीच होती. तिचा प्रश्न मात्र वेगळा होता. या तुकड्यात आता किती चांदी उरली आहे, एवढेच तिला हवे होते. तिचे कौतुक मी फार करणार नाही. बट्टा हा सराफाचा धंदा होता आणि अडलेल्या रयतेला त्याचा हिशेब मान्य करण्यावाचून गत्यंतर नसे. एकच रुपया आणण्यामागे ही कटकट संपवणे हाही हेतू होता. तरी सराफाची खूण आजच्या पुस्तकात फक्त इजा म्हणून नोंदली जाते, हे मला अपुरे वाटते. ती खूण म्हणजे कोणीतरी त्या रुपयाची चौकशी केल्याचा पुरावा आहे.

एकच रुपया आला तरी झीज मोजायचे काम थांबले नाही, ते सराफाकडून खजिन्याकडे गेले. १९०६ च्या नाणे कायद्याने रुपयाचे वजन शेकडा दोनपेक्षा जास्त घटले तर तो पूर्ण किमतीचे कायदेशीर चलन राहत नसे आणि फार हलके झालेले नाणे कापून टाकण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्याला होता. दुर्ग जिल्हा रायपूर-बिलासपूरमधून वेगळा झाला तेही याच वर्षी, तेव्हा या जिल्ह्याचा खजिना पहिल्या दिवसापासून याच मापाने नाणी तोलत आला. शेकडा दोन म्हणजे पाव ग्रॅमहून थोडे कमी. राणीच्या केसांची नक्षी डोळ्यांना पुसट दिसू लागते, तेव्हा काट्याला अजून फारसे काही कळलेलेही नसते. डोळा आणि तराजू एकाच झिजेबद्दल वेगवेगळे बोलतात, म्हणून दोघांनाही विचारावे लागते.

या झिजेचे पुढचे आणि सर्वांत बुद्धिमान वाचन केले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. गोव्यात जन्मलेला हा गणिती १९३०-४० च्या दशकांत पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकवत असताना प्राचीन आहत नाण्यांकडे वळला. त्या चांदीच्या तुकड्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, फक्त चिन्हे ठोकलेली. कोसंबींचा तर्क असा की टांकसाळीतून नाणी ठरावीक वजनाची निघत असतील, तर वापराबरोबर त्यांचे सरासरी वजन घटत जाईल आणि एकाच साठ्यात जो गट जास्त हलका तो जास्त जुना. हा नियम खरा ठरतो का हे पाहण्यासाठी त्यांनी आपल्या काळातली चालू नाणी हजारोंनी तोलली. तक्षशिलेच्या साठ्यातल्या नाण्यांवर त्यांना असेही दिसले की मागच्या बाजूला जितक्या बारीक खुणा जास्त, तितके वजन कमी. म्हणजे त्या खुणा वेळोवेळी झालेल्या तपासणीच्या होत्या आणि नाणे किती काळ फिरले याची ती एक मोजणीच होती. शेल्डनची पट्टी जिला वजाबाकी म्हणते तिच्यातून कोसंबींनी कालक्रम काढला. त्यांच्या पद्धतीवर शंकाही घेतल्या गेल्या. मूळ वजनातच फरक असेल तर, साठा जमिनीत गंजला असेल तर, निष्कर्ष डळमळतो. या शंका योग्य आहेत, पण त्या एकेका नाण्याला लागू होतात. मोठ्या साठ्याच्या सरासरीत त्यांचा जोर बराच ओसरतो, आणि कोसंबी सरासरीचीच भाषा बोलत होते.

छत्तीसगडमध्ये आणखी एक नाणे आहे, ज्याच्यापुढे पट्टी आणि सराफ दोघेही थबकतील. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराची इथली सोन्याची नाणी पातळ पत्र्याची आहेत. मागून दाब देऊन पुढे आकृती उठवलेली, त्यामुळे मागची बाजू खोलगट आणि मजकुराविना. महेंद्रादित्य आणि प्रसन्नमात्र या राजांच्या नाण्यांवर पंख पसरलेला गरुड आहे, नळ राजांच्या नाण्यांवर बसलेला बैल. बस्तरमधल्या एडेंगा येथे सापडलेली नळांची नाणी वा. वि. मिराशी यांनी १९३९ मध्ये भारतीय नाणकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात प्रसिद्ध केली आणि वराहराज, भवदत्त, अर्थपती ही नावे नाण्यांवर वाचली गेली. असा पत्रा झिजत नाही, तो चेपतो, दुमडतो, फाटतो. त्याला झिजेची पट्टी लावणे व्यर्थ आहे. पाहायचे ते उठावाची खोली, कडेचा फाटकेपणा आणि पेटीसारख्या डोक्याच्या अक्षरांची पूर्णता. पुढच्या रतनपूर कलचुरींची सोन्याची नाणी पुन्हा ठशाची, एका बाजूला हत्तीवर झेपावणारा सिंह आणि दुसरीकडे नागरीत राजाचे नाव. पण जाजल्लदेव, रत्नदेव, पृथ्वीदेव या नावांचे एकाहून अधिक राजे झाले आणि नाण्यावर पहिला की दुसरा हे लिहिलेले नाही. तिथे प्रतीपेक्षा अक्षरवटिका आणि साठ्याची सोबत जास्त सांगतात. भिलाई-चरोद्याजवळच्या देवबलोद्याचे मंदिर पाहायला जाणाऱ्याने याच राजवटीची ही नाणी रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात शोधावीत. पुस्तकातल्या चित्रात न कळणारा उठाव काचेआडूनही थोडा कळतो.

आता इथल्या घरांतून सर्वाधिक येणारा रुपया. छत्तीसगडच्या बायकांच्या गळ्यात रुपियामाळ असते, चांदीच्या रुपयांना कडी डाखून ओवलेली. माळ मोडली की तेच रुपये बाजारात येतात. काठावर डाख, एक बाजू अंगाला घासून गुळगुळीत आणि दुसरी तुलनेने ताजी. पुस्तक म्हणते, दागिन्यातून काढलेले, प्रत देण्यालायक नाही. संग्राहकांचा आक्षेप मी ऐकून आहे, की असल्या नाण्यांबद्दल हळहळणे ही भावुकता आहे, किंमत पृष्ठभागालाच मिळते. किमतीबाबत ते बरोबर आहेत आणि अशा रुपयाला कोणी जास्त दाम द्यावा असे मी म्हणत नाही. पण दोन बाजूंची झीज असमान असणे हे चलनात फिरलेल्या नाण्याचे लक्षण नव्हे. कोणत्या सालाचे रुपये माळेत गेले, कोणत्या सालानंतर गेलेच नाहीत, हे पाहिले तर चांदीचा कस १९४० मध्ये निम्म्यावर आणल्याचा घराघरांतला परिणाम कळू शकतो. हा पुरावा वितळवायच्या भट्टीत जातो तो मुख्यतः पुस्तकाने त्याला नापास केल्यामुळे.

साठ्यांचे तसेच आहे, आणि तिथे नुकसान मोठे. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले की ते कलेक्टरला कळवावे लागते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. प्रत्यक्षात साठा अनेकदा आधी निवडला जातो. चांगली प्रत एकीकडे, गुळगुळीत नाणी वितळवायला. कोसंबींच्या पद्धतीला लागणारी हलकी, बहुत फिरलेली नाणी नेमकी इथेच नाहीशी होतात आणि उरलेल्या सुंदर नगांवरून कोणताही क्रम लावता येत नाही. म्हणून भिलाईत नव्याने शिकणाऱ्याने आपल्या पाकिटावर प्रतीच्या आकड्याबरोबर आणखी काही लिहावे. वजन ग्रॅमच्या शतांशापर्यंत, दोन्ही बाजूंची झीज वेगवेगळी, घाव कुठे कमी बसला, सराफाच्या खुणा किती आणि कुठे, डाख आहे का, सोबत आणखी कोणती नाणी आली. छायाचित्रे दोन घ्यावीत, एक सरळ उजेडात आणि एक बाजूने आलेल्या तिरक्या उजेडात, कारण छाप आणि चेपलेल्या जागा दुसऱ्यातच उमटतात. पट्टीवर दहा-बाराच्या वर न जाणारा भोसल्यांचा रुपया असा लिहिला गेला, तर महेश्वरी-विगिन्स यांच्या पुढच्या आवृत्तीकाराला त्याचा उपयोग होईल.